मा सोसोच्या मरणाचे पैसे

“तुमचं नाव?” शेर्लिनने विचारलं.

मा सोसोने मागे वळून पाहिलं. मागे प्लॅस्टिकच्या झाडाची एक कुंडी होती, दुसरं कुणी नव्हतं. म्हणजे प्रश्न तिलाच होता. जिला बाप्तिस्म्याच्या दिवशी तिने स्वतःच्या हातांवर चर्चमध्ये नेलं, जिच्या डोक्यातल्या उवा काढल्या, जी कालच संध्याकाळी तिच्या ओसरीत बसून कोकोचा चहा पिऊन गेली, ती पोरगी बँकेच्या काचेमागून तिला नाव विचारत होती.

“शेर्लिन, ऊन लागलंय का गं तुला?”

“नेनेन, हळू बोल!” शेर्लिन काचेच्या भोकाला तोंड लावून कुजबुजली. धर्ममातेला नेनेन म्हणायचं, ही सवय काचेमागेही सुटत नव्हती. “कामाच्या वेळेत मी तुला ओळखत नाही. नियम आहे. वर कॅमेरा आहे.”

वर खरंच कॅमेरा होता. कॅमेऱ्याखाली भलीमोठी पाटी होती: ‘आपला ग्राहक ओळखा.’

ही ट्रान्स-ओशन बँक. मालक दूर कुठल्याशा बर्फाच्या देशात. बेटावरच्या पोर्ट्समथ शहराच्या उन्हातून आत पाऊल टाकलं की अंगावरचा घाम जागच्या जागी थिजायचा, म्हणून आसपासच्या खेड्यांत तिला सगळे गार बँकच म्हणत. आन्स कालेबास गावातून या बँकेत खातं असलेली मा सोसो एकटी. बाकी सगळा गाव चर्चशेजारच्या पतपेढीत. पतपेढी म्हणजे एक खोली, एक पंखा आणि चिटणीस कथबर्ट मास्तर. मास्तरांची दाढ दुखली की पतपेढी बंद. शिवाय तिथे गेलं की रांगेतली प्रत्येक बाई विचारणार, “काय गं सोसो, आज भरतेस की काढतेस?” मा सोसोला हे मुळीच खपत नसे. “माझा पैसा म्हणजे माझा आतला कपडा. गावाने बघायचं काम नाही,” असं ठणकावून ती तीस-पस्तीस वर्षांपूर्वी गार बँकेत गेली. तिथे तिला कुणी ओळखत नव्हतं, आणि तेच तर तिला आवडलं होतं.

आणि पैसा तरी कसला? मरणाचा. पाव विकून विकून, दर शनिवारी थोडा थोडा बाजूला टाकलेला. तिची धाकटी बहीण लिओनोर गेली तेव्हा घरात दमडी नव्हती. पेटी सरकारी मिळाली, पातळ फळ्यांची, आणि चर्चच्या पायरीवर तिचा एक कोपरा निखळला. ते मा सोसो विसरली नव्हती. तिला पांढरी पेटी हवी होती, पितळी कड्यांची. पुढे जिंग-पिंगवाले हवे होते, अकॉर्डियन दणदणीत वाजवणारे. आणि मागे आलेल्या प्रत्येकाला घोटभर रम. कुणाच्या उपकाराची फळीसुद्धा नको. चार हजार दोनशे डॉलर साठले होते, एवढ्यात हे सगळं बसत होतं.

गेल्या आठवड्यात गार बँकेचं पत्र आलं. पोर्ट्समथची शाखा या शुक्रवारी कायमची बंद. खाती सगळी राजधानीत, रोझोला जाणार, आणि यापुढे दर महिन्याला पंधरा डॉलर देखभालीचे कापणार. मा सोसोने बोटांवर हिशेब केला. आणखी दहा वर्षं जगली तर पेटीच्या कड्या जाणार, वीस वर्षं जगली तर पेटीच जाणार. म्हणजे लवकर मर, असंच बँक सांगत होती.

“सगळे पैसे काढ,” ती शेर्लिनला म्हणाली. “खातं मिटव. पतपेढीत नेते मी.”

“ओळखपत्र?”

“तुझ्या नाकाखाली उभी आहे ती कोण आहे?”

शेर्लिनने असहायपणे मॅनेजरच्या दाराकडे पाहिलं.

मॅनेजर मिस्टर व्हिटकॉम्ब बार्बाडोसहून बदलून आलेला तरुण माणूस. वागायला सभ्य, टाय गळ्यापर्यंत आवळलेला. त्याने मा सोसोला खुर्ची दिली, पाणी दिलं, पैसे मात्र दिले नाहीत.

“मॅडम, पासबुकावर नाव आहे अर्नेस्टीन फिलोमेन लाव्हिल.”

“मीच ती.”

“पण आमची कर्मचारी तुम्हाला नेनेन म्हणाली. आणि दारावरचा रखवालदार म्हणाला, मा सोसो.”

“रखवालदार माझा भाचा आहे. तो काय मला अर्नेस्टीन म्हणेल? मेल्याला ते नाव ठाऊकसुद्धा नसेल!”

हे अगदी खरं होतं. आन्स कालेबासमध्ये प्रत्येकाला दोन नावं. एक कागदावरचं, एक घरचं. कागदावरचं नाव पाद्री बाप्तिस्म्याला लावतो, आणि त्यानंतर ते ऐकू येतं ते एकदम मयतीच्या बातमीत. मधली सत्तर वर्षं माणूस घरच्या नावावर काढतो. हिला आईने सोसो म्हटलं, तेव्हापासून ती सोसो. नाव सोसो असलं तरी सोसून घेणं हे काही तिच्या स्वभावात नव्हतं.

“फोटोचं ओळखपत्र दाखवा,” व्हिटकॉम्ब म्हणाला. “पासपोर्ट?”

“वादळात छप्पर गेलं, त्याच्याबरोबर कागदांची पेटी गेली. सापडली तर समुद्रात बघ.”

“विजेचं बिल?”

“आईच्या नावावर आहे.”

“मग आईंना घेऊन या.”

“चर्चच्या मागे पुरलीय. फावडं देतोस?”

व्हिटकॉम्बने टाय सैल केला. “मतदारयादीत तर नाव असेल? पत्ता?”

“आहे की. ‘मोठ्या नीरफणसाच्या झाडामागे.’ पण झाडही त्याच वादळात पडलं.”

“म्हणजे मॅडम, तुम्ही कोण आहात हे सांगणारा एकही कागद तुमच्याकडे नाही.”

“कागद नाही, पण पंधराशे माणसं आहेत.”

“माणसं चालत नाहीत,” व्हिटकॉम्ब हळहळत म्हणाला. खरंच हळहळत. तो वाईट माणूस नव्हता, आणि मा सोसोला त्याचाच जास्त संताप येत होता. वाईट असता तर दोन शिव्या देऊन मोकळी झाली असती.

ती उठली नाही. पिशवी मांडीवर घट्ट धरून बसली.

“मग लिहून दे.”

“काय?”

“मी मी नाही, हे लिहून दे. सहीनिशी, शिक्क्यानिशी. उद्या देवासमोर उभी राहिले आणि त्याने विचारलं, तर दाखवायला बरं.”

ही ब्याद टळतेय या आनंदात व्हिटकॉम्बने बँकेच्या जाड कागदावर लिहून दिलं: ‘आन्स कालेबासची रहिवासी, मा सोसो या नावाने सर्वांस परिचित असलेली बाई आज समक्ष हजर राहिली. ती आमची खातेदार अर्नेस्टीन फिलोमेन लाव्हिल असल्याबद्दल बँकेची खात्री पटलेली नाही.’ खाली सही, गोल शिक्का. मा सोसोने कागदाची घडी घातली, टोपीच्या आतल्या पट्टीत खोचली आणि दार आपटून बाहेर पडली. दार आपोआप हळूच मिटणारं होतं, त्यामुळे ते काही आपटलं नाही. तिला जाम वाईट वाटलं.

सोमवारचा उरलेला दिवस तिने रागात कणीक तिंबली. मंगळवारी सकाळी मान खाली घालून पतपेढीच्या रांगेत उभी राहिली.

“अगं बाई, सोसो! वाट चुकलीस का?” रांगेतून लगेच आलं.

“काय गं, गार बँकेत सर्दी झाली?”

मा सोसोने गिळलं. आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी सोसलं. कथबर्ट मास्तरांनी सगळी हकीगत ऐकली, चष्मा पुसला आणि मान हलवली.

“मा, कोर्टात प्रतिज्ञापत्र करता येईल. पण वकील हवा, आणि महिना लागेल.”

“शुक्रवारी बंद होतेय बँक!”

“तोच तर घोटाळा आहे. तुमची दोन्ही नावं एका ठिकाणी जोडलेला एकही कागद नाही.” मास्तर स्वतःशीच हसले. “आपल्याकडे दोन्ही नावं एका दमात फक्त एकाच ठिकाणी ऐकायला मिळतात. रेडिओवर. ‘अमुक अमुक, तमुक नावाने परिचित…’ पण त्यासाठी आधी मरावं लागतं.”

रांगेतल्या बायका हसल्या. मा सोसो हसली नाही.

“मग वाचू दे की रेडिओवर.”

“अहो, पण तुम्ही जिवंत आहात!”

“मग तसंच वाचू दे. जिवंत आहे म्हणून. सगळ्या बेटाने ऐकल्यावर तो टायवाला कसा नाही म्हणतो ते बघतेच मी!”

बुधवारी ती रोझोच्या बसमध्ये बसली.

रेडिओवर मयतीच्या बातम्या पावणेसहाला लागतात आणि त्या पाव तासात बेटावर कुणी कुणाशी बोलत नाही. स्वयंपाक थांबतो, भांडणंसुद्धा थांबतात. कोण गेलं, कुणाचं कोण लागत होतं, कुणाचं नाव यादीत आलं आणि कुणाचं मुद्दाम गाळलं, यावर पुढचा आठवडा निघतो. रेडिओच्या कचेरीतल्या मुलीने मा सोसोपुढे कागद ओढला.

“मयत, पुण्यस्मरण, की हरवलेली जनावरं?”

“जिवंत.”

“तसा रकाना नाही, मा.”

“मग मयतीच्या रकान्यात घाल, पण शेवटी लिही, जिवंत आहे म्हणून.”

मुलीने खांदे उडवले. पैसे मिळाल्याशी कारण. “सांगा. पण तीन मिनिटांत बसवा.”

मा सोसो सांगू लागली. अर्नेस्टीन फिलोमेन लाव्हिल, मा सोसो या नावाने परिचित, वय एकाहत्तर, कैलासवासी जोसेफीनची मुलगी, कैलासवासी लिओनोरची बहीण. मग मुलं, सुना, नातवंडं. मग ग्वादलूपचे, इंग्लंडचे. मग भाचे, पुतणे. मग एकतीस धर्मलेकरं.

“मा, थोडी नावं कमी करा ना.”

“कुणाला गाळू? तिबोला गाळलं तर त्याची बायको सात वर्षं माझं तोंड बघणार नाही. पोस्टातल्या इनेझला गाळलं तर माझी पत्रं परत जातील. लिही तू.”

मुलीने लिहिलं. दोन पानं झाली. सगळ्यांत शेवटी, दुसऱ्या पानाच्या तळाला, आलं: ‘ही बाई ठणठणीत जिवंत असून या दोन्ही नावांची बाई एकच आहे.’

परतीच्या बसमध्ये ती अगदी मागच्या बाकावर बसली. टोपी पुढे ओढली, डोळे मिटले. पावणेसहाला ड्रायव्हरने रेडिओ मोठा केला. ऑर्गन वाजला. निवेदकाने आपला तो ओल्या घोंगडीसारखा आवाज लावला. आधी बाकीच्या मयती झाल्या, मग सगळ्यांत शेवटी मा सोसोची पाळी आली.

“अर्नेस्टीन फिलोमेन लाव्हिल, मा सोसो या नावाने परिचित…”

“अरे देवा!” पुढची बाई किंचाळली. “सोसो गेली!”

ड्रायव्हरने टोपी काढून मांडीवर ठेवली. नावांची यादी सुरू झाली. प्रत्येक नावाला बसमधून एक उसासा. मा सोसो खूष होऊन ऐकत राहिली. तिबो आला, इनेझ आली, कुणी सुटलं नाही. तिसरं मिनिट संपलं, चौथं लागलं. “…लासुईचे जोझेफ आणि मंडळी, तसंच इतर असंख्य स्नेही. ही बाई…” आणि टूं, टूं, टूं. सहाचे ठोके पडले. बातम्या सुरू झाल्या.

मा सोसोचे डोळे खाडकन उघडले.

“गेली बिचारी,” पुढची बाई डोळे पुसत म्हणाली. “मोठ्या मनाची होती.”

“मन मोठं होतं,” शेजारचा म्हातारा म्हणाला, “पण पाव हल्ली बारीक होत चालले होते.”

“पीठ महागलंय, मेल्या!” मागच्या बाकावरून आवाज आला.

बस रस्त्याच्या कडेला केळीत जाऊन थांबली. म्हाताऱ्याने खिडकीतून उडी टाकली आणि तो पुढच्या वळणावरच सापडला. ड्रायव्हर स्टिअरिंगला मिठी मारून प्रार्थना म्हणत होता. मा सोसोने प्रत्येकाला स्वतःचा हात दाबायला दिला, पण ड्रायव्हर म्हणाला, “हात गरम आहे हे खरं, पण रेडिओ काय खोटं बोलेल?”

घरी पोचली तर ओसरीत दिवे लागलेले. गाव जमला होता. कॉफीची किटली चुलीवर, रमच्या बाटल्या उघडलेल्या, डॉमिनोचे दोन डाव मांडलेले. कथबर्ट मास्तर उभे राहून भाषण करत होते, “…आणि तिचा स्वभाव, मंडळी, तिखट असला तरी…”

“तरी काय?” मा सोसोने दारातून विचारलं.

आरडाओरडा ओसरायला बराच वेळ गेला. कुणी रडलं, कुणी हसलं, कुणी म्हणालं, “आता बाटल्या उघडल्याच आहेत तर…” आणि डॉमिनो पुढे सुरू झाले. मा सोसो आपल्याच मयतीच्या कॉफीचा पेला घेऊन बसली. तेवढ्यात तिची नजर टेबलावरच्या कागदावर गेली. वर मास्तरांच्या अक्षरात लिहिलं होतं: ‘पेटी पांढरी. कड्या पितळी. जिंग-पिंग, अकॉर्डियनसह.’ खाली नावं. पतपेढीतून ज्याने त्याने तासाभरात आपला वाटा लावला होता.

“तुम्हाला कसं कळलं पितळी कड्यांचं?” तिने विचारलं. “मी कुणाला सांगितलं नव्हतं.”

“लिओनोरच्या दिवशी तू पेटीचा तो निखळलेला कोपरा हाताने धरून चालली होतीस,” रांगेतली ती टोमणेवाली बाई म्हणाली. “सगळ्यांनी बघितलं होतं, सोसो. सांगायला कशाला लागतं?”

मा सोसोला रडू फुटलं. चांगलं हमसून रडली. मग नाक शिंकरलं, उभी राहिली आणि कागद मास्तरांच्या हातात कोंबला.

“ज्याचे त्याला परत करा. मी माझ्या पैशाने मरणार! उद्या जाते आणि त्या टायवाल्याच्या नरड्यातून काढून आणते.”

गुरुवारी ती एकटी गेली नाही. मयतीसाठी काळे कपडे कालच इस्त्री केलेले होते, ते वाया कशाला घालवायचे म्हणून अख्खी बस भरून गाव निघाला. गार बँकेच्या दारात रखवालदार भाच्याने मावशीला पाहिलं आणि छातीवर क्रूस काढला.

काचेमागे शेर्लिनचे डोळे सुजलेले होते. ती उठून धावत आली, नियम, कॅमेरा सगळं विसरून मा सोसोच्या गळ्यात पडली.

“नेनेन, मी रेडिओ ऐकला गं! रात्री गावाकडे यायला बस नव्हती. रात्रभर रडले. आणि सकाळी… सकाळी नियमाप्रमाणे कळवून टाकलं.”

“काय कळवलंस?”

“खातेदार वारल्याचं. मुख्य कचेरीला.”

तीन वर्षांत मुख्य कचेरीने कुठल्याही पत्राला महिन्याच्या आत उत्तर दिलं नव्हतं. या पत्राला दहा मिनिटांत आलं. व्हिटकॉम्ब ते हातात घेऊनच खोलीतून बाहेर आला. समोर काळ्या कपड्यांतली चाळीस माणसं पाहून त्याने आधी मान झुकवली, मग मधोमध मा सोसो दिसली.

“मॅडम, आता तर मी काहीच करू शकत नाही. हे खातं मृत खातेदाराचं आहे.”

“अरे पण मी जिवंत आहे ना समोर!”

“तुम्ही अर्नेस्टीन लाव्हिल असल्याचं सिद्ध झालेलं नाही,” तो समजुतीने म्हणाला. “त्यामुळे तुम्ही जिवंत असण्याचा या खात्याशी संबंध येत नाही.”

गाव खवळला. मागून कुणीतरी अकॉर्डियनसुद्धा आणलं होतं, ते रागाने एकदा भोंगलं. कथबर्ट मास्तरांनी हात वर केला.

“साहेब, मग या पैशांचं होणार काय?”

“शाखा उद्या बंद होतेय, म्हणून मृतांची लहान खाती आजच वारसाला देऊन मिटवा, असा हुकूम आहे. पाच हजारांच्या आत असेल तर मृत्यूचा दाखलाही नको, रेडिओवरची घोषणा पुरे. फक्त वारसाची ओळख पटली पाहिजे.”

“वारस कोण आहे?”

“जुना अर्ज बघावा लागेल.”

शेर्लिनने आतून पिवळा पडलेला अर्ज आणला. व्हिटकॉम्बने तो वाचला. पुन्हा वाचला. मग त्याने टाय पूर्णच काढला आणि अर्ज शेर्लिनकडे दिला.

“वारसदाराचं नाव,” शेर्लिनने मोठ्याने वाचलं आणि तिचा आवाज चिरकला. “मा सोसो.”

मग मा सोसोला आठवलं. तीस-पस्तीस वर्षांपूर्वीचा तो घाईतला कारकून, मान वर न करता विचारत होता, “घरचं नाव सांगा.” त्याला हवं होतं घरातल्या कुणाचं तरी, मागे राहणाऱ्याचं नाव. तिने आपलं सांगितलं होतं घरचं नाव. दुसरं कुठलं सांगणार?

“पण मॅडम,” व्हिटकॉम्ब क्षीण आवाजात म्हणाला, “तुम्ही मा सोसो आहात याचा पुरावा…”

मा सोसोने सावकाश टोपी काढली. आतल्या पट्टीतून घडी काढली, उलगडली आणि काउंटरवर तळव्याने सपाट केली. जाड कागद, गोल शिक्का, खाली त्याचीच सही.

“‘मा सोसो या नावाने सर्वांस परिचित असलेली बाई,’” मास्तरांनी शाळेत वाचायचे तसं खणखणीत वाचून दाखवलं.

“आता तूच ठरव, बाळा,” मा सोसो म्हणाली. “मी ती असेन तर माझे पैसे मला दे. मी ती नसेन तर तिचे पैसे मला दे. मला दोन्ही चालेल.”

व्हिटकॉम्ब आत गेला, समुद्रापार फोन लावला. काच पातळ होती, सगळ्यांना ऐकू आलं. “हो सर, वारसाकडे पुरावा आहे… हो, आपल्याच बँकेचा… नाही सर, एकच… म्हणजे दोन… हो, नियमाप्रमाणे.” तो बाहेर आला. “मुख्य कचेरीने तुमच्या दुःखात सहभागी असल्याचं कळवलंय.”

“मेसी, आभार. फार वाईट झालं,” मा सोसो म्हणाली. “पैसे आण.”

“इथे एक रकाना आहे. मयताशी नातं?”

“जवळचं,” मा सोसो म्हणाली. “फार जवळचं.”

शेर्लिनने नोटा मोजल्या. सही घेताना व्हिटकॉम्ब जरा जवळ वाकला आणि कुणी ऐकत नाही असं समजून हळूच म्हणाला, “मॅडम, मला घरी सगळे पुडिंग म्हणतात.” शेर्लिनच्या हातातलं पेन पडलं.

“तुझ्या आईला सांग,” मा सोसो म्हणाली, “पोरगं चांगलं आहे. पण अंगावर ऊन पडू दे.”

या वेळी दार आपटेना तर तिने रखवालदार भाच्याला धरायला लावलं आणि चाळीस माणसांसकट ते सताड उघडं टाकून ती निघाली. गार बँकेतला गारवा पोर्ट्समथच्या रस्त्यावर सांडला. अकॉर्डियन वाजू लागलं, आणि बस आन्स कालेबासला पोचेपर्यंत थांबलं नाही.

पतपेढीत मास्तरांनी पंखा लावला, नवं पुस्तक काढलं आणि न विचारता वर ‘मा सोसो’ लिहिलं. मागे रांगेने माना लांब केल्या.

“काय गं सोसो, भरतेस की काढतेस?”

“भरतेय!” मा सोसो गावाला ऐकू जाईल अशी ओरडली. “चार हजार दोनशे! बघा, नीट बघून घ्या!”

मास्तरांनी नोटा पेटीत ठेवल्या आणि पेन पुढच्या रकान्यावर आणलं. “वारस कोण लावू, मा? मुलाचं नाव?”

मा सोसोने विचार केला. टोपी पुन्हा डोक्यावर चढवली, नीट बसवली.

“लिहा. अर्नेस्टीन फिलोमेन लाव्हिल.”

“अहो, ती तर कालच वारली ना!”

“त्यांच्या वहीत वारली, मास्तर. लिहा तुम्ही. गरिबाच्या गाठीला एखादं नाव जास्तीचं असलेलं बरं.”